ओल्या रंगावरचं कुंकू

माय,

काल दसऱ्याला तू टेबलावरच्या माझ्या मोटारसायकलच्या मॉडेलची पूजा केलीस. टाकीचा रंग ओला होता, कुंकू त्यात रुतून बसलं. प्लास्टिकचा एकेक तुकडा घासून जोडायला मला तीन महिने लागले होते. किती वेळा सांगू, ते वाहन नाही, वीतभर शोभेची वस्तू आहे. आता निदान ओलं फडकं मारू नकोस.

पूजा करायचीच होती तर गोठ्यातल्या खऱ्या गाडीची करायची. थोरला जीवरामभाऊ त्याच गाडीवर अपघातात गेला तेव्हापासून तिच्यावरचं पोतंसुद्धा तू कोणाला काढू देत नाहीस. आज मी काढलं. प्लग साफ केला, तुझ्याच करंड्यातलं कुंकू लावलं.

तिच्यावरूनच बोदवडला चाललोय. दिवेलागणीच्या आत येतो. तोवर दारात उभी राहू नकोस.

सुकदेव