वाचल्याशिवाय सही नाही

३ जून
चंद्रकांत नेऱ्याहून कागद घेऊन आला. बापाच्या जमिनीतली ओढ्याकडची पट्टी बिल्डरला द्यायची आहे, वारस म्हणून माझीही सही लागते. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. म्हटलं, वाचून करते. हसला मेला. ‘‘आक्का, तू आन् इंग्रजी? लई झालं.’’ भाऊ धाकटा, पण तोंड थोरल्याचं. दहावीला इंग्रजीत पास झाले होते मी — पस्तीस मार्कांनी, पण झाले. महिन्याची मुदत मागून घेतली.

४ जून
वरच्या खोलीतली भाडेकरू क्षितिजा, अमरावतीची, इथं माणला आयटीत आहे. तिलाच कागद वाचून दे म्हणणार होते. जीभ रेटेना. घरातलं भाडेकरूपुढं कशाला? फक्त कालचा इंग्रजी पेपर मागितला. म्हणाली, ‘‘काकू, प्रत्येक शब्दाला अडू नका. रोज एकाच प्रकारचं वाचा. तेच शब्द परत परत भेटतात.’’

७ जून
पेपरच्या पहिल्या पानावर तासभर. काही कळलं नाही.

१२ जून
सापडलं! आतल्या पानावर बारीक अक्षरात वकिलांच्या नोटिसा असतात, जमिनीच्या. रोज तेच — अमुक गाव, अमुक गट, पूर्वेला हा, पश्चिमेला तो, हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. चतुःसीमा मला बापाच्या मागे फिरून पाठ आहे. फक्त शब्द नवे. आधीच ठाऊक असलेली गोष्ट परक्या भाषेत वाचली की ती भाषा एवढी परकी राहत नाही.

२० जून
शब्द अडला तरी आता थांबत नाही. पुढचं वाक्य मागचं समजावून देतं. वाचता वाचता दूध उतू गेलं, तरी राग आला नाही.

२४ जून
चंद्रकांतचा फोन. ‘‘माजी सही कवाच झाली. तुज्यापायी अडलंय. इश्वास न्हाई व्हय माज्यावर?’’ फोन ठेवल्यावर रडले. आई गेल्यावर ह्याला मी भरवलंय. पण विश्वास नाही, हे खरं. लिहिताना लाज वाटते.

२९ जून
कागद संपला. तीन सकाळी गेल्या. नवव्या पानावर जमिनीचं वर्णन — उत्तरेला रस्ता. ओढ्याच्या पट्टीला रस्ता कुठला? पुन्हा वाचलं. गट एक नाही, दोन आहेत. दुसरा नेऱ्याच्या घराचा, ‘वरच्या बांधकामासह’.

राहतं घर दिलं ह्यानं, आणि मला पट्टी सांगतो! उद्या नेऱ्याला जाते. सोडत नाही त्याला.

३० जून
गेले. नववं पान त्याच्यापुढं धरून एकेक ओळ मराठीत सांगितली. त्याची बायको तृप्ती चहा घेऊन तशीच उभी राहिली. चंद्रकांत पानाखालच्या आपल्या सहीकडं बघत बसला.

‘‘घर कोण दील, आक्का? बिल्डरनं पट्टीच सांगितलेली. मला तरी कुटं वाचता येतंय?’’

मग हळूच म्हणाला, ‘‘तू न्हाई ना केली सही?’’