कोणत्या पानावर

बाबूजी,

ती कादंबरी मी या महिन्यात पुन्हा वाचली. नवी आवृत्ती आहे, कागद पांढरा, पानांचे आकडे बदललेले. तरी ते पान मला लगेच सापडलं. मत द्यायचं तर आधी पान सांगायचं, ही तुम्ही लावलेली सवय अजून सुटलेली नाही.

तुमसरच्या आपल्या घराची छपरी आठवते. रविवारी दुपारी तुम्ही सतरंजी टाकायचात. शेजारच्या राईस मिलमधला कोंडा वाऱ्यानं उडून यायचा आणि सतरंजीवर बसायचा. वाचनालयातून एकच प्रत मिळायची, ती पाळीनं घरोघर फिरायची आणि सगळ्यांची वाचून झाली की छपरीत यायची. नियम तुमचेच होते. पुस्तक ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. पूर्ण वाचल्याशिवाय पुस्तक हातात घ्यायचं नाही. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. ‘छान आहे’ म्हणायला बंदी होती. छान भाजी असते, असं तुम्ही म्हणायचात. आणि बोलून झालं की तुमचा एकच प्रश्न, तुमच्या शाळेतल्या पोरांना विचारायचात तसा: कोणत्या पानावर? पान सांगता आलं नाही तर ते मत धरलं जात नसे. मी तेव्हा नागपूरला एम.ए. करत होते, शनिवार-रविवारी घरी यायचे. विद्यापीठातही इतका कडक माणूस मला भेटला नाही.

त्या वर्षी ताई दिवाळीपासून माहेरी होती. तिच्या पाठीवरचे वळ आईनं पाहिले होते, तुम्ही पाहिले नव्हते. साकोलीहून, तिच्या सासरहून, निरोप आला होता की जावई बुधवारी न्यायला येतात. तुम्ही ‘पाठवतो’ असं कळवलं होतं. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. ताई गायीचं करायची, स्वयंपाक करायची, आणि तुमच्या-माझ्या पाळीत पुस्तक घरात असेल तेवढे दिवस ते गायीच्या कोठ्यात नेऊन वाचायची, हे मला माहीत होतं. तुम्हाला होतं की नाही, माहीत नाही.

आणि त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी पाळी या कादंबरीची आली. एक बाई नवऱ्याचं घर सोडते, वर्षभर भावाकडे राहते, शेवटच्या प्रकरणात परत जाते. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आधी बोलल्या. “लेखकानं भावजयीले एकदाबी चिडू देलं नाही. वर्षभर नणंद घरी, नं हे बाई देवासारखी वाढून राहिली. मी नाही मानत.” पान त्यांनी तोंडपाठ सांगितलं. मग मी ‘रचना’ या शब्दावर बराच वेळ बोलले. मग तुम्ही. तुम्ही म्हणालात, शेवट खरा आहे, परत जाण्यालाही हिंमत लागते, ती हरून जात नाही. तुम्ही कादंबरीबद्दलच बोलत होता. पण आत चहा उकळत होता, आणि तो उतरवायला कुणी हलत नव्हतं.

पोस्टमास्तरकाकांनी पुस्तक घेतलं. “मास्तर खरं बोलले. किती दिवस राहावं माणसानं लोकाईच्या घरी? गेली, बरं झालं.” मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी घाईनं पान उलटलं आणि त्यातून तणसाची, गायीपुढच्या भाताच्या पेंढ्याची, एक काडी वर काढली. “हे पाहा. मास्तर, तुमच्या घरी गाय बी कादंबरी वाचते का?”

सगळे हसले. ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“गाय नाही काका. मी वाचली.”

तिनं ट्रे खाली ठेवला आणि काकांच्या हातातून पुस्तक घेतलं. काडी जिथं होती तिथं बोट घातलं. ती उभ्यानंच बोलते आहे, मला अजून दिसते, पदराला गोवरीचा भुसा. “या बाईले परत जाताना भेव नाही वाटत. घर आठवते तं काय आठवते, तुळस, दिवा, पितळेचा हंडा. तिले तिथं कोणी हात लावला नसन. ज्या घराचं भेव नाही, त्या घरी जाते माणूस परत. तिनं जावं. मी नाही जाऊन राहिली.”

पुस्तक तिच्या हातात होतं, बोलायचं तिनंच. नियमच होता. आई आतून दारापर्यंत आली होती. तुम्ही विचारलंत, “कोणत्या पानावर?”

ताईनं पान वाचून दाखवलं. तुळस, दिवा, हंडा. “इथं भेव पाहिजे होतं. नाही आहे.”

नर्सबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सतरंजीवरचा कोंडा हातानं झाडत राहिलात. मग म्हणालात, “बरोबर.” हा शब्द तुम्ही छपरीत कुणालाच दिला नव्हता, मला तर नाहीच.

बुधवारी जावई आले. तुम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलंत, ती येत नाही. ते म्हणाले, “लोक काय म्हणतील?” तुम्ही म्हणालात, “लोकांचं ऐकून झालं. रविवारी.”

ताईनं पुढे शिक्षिकेचा कोर्स केला, नाकाडोंगरीच्या शाळेत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाली. जाण्याआधी तुम्ही तिची शाळा पाहिलीत, एवढं तरी झालं.

आता पान सांगते. काडी होती त्याच्या दोन पानं पुढे ती बाई नवऱ्याच्या दाराशी उभी राहते. हात कडीपर्यंत जातो आणि थांबतो. तिला पूर्वीचा एक दिवस आठवतो, आणि ती एक पायरी मागे सरते. भीती आहे, बाबूजी. पानभर आहे. तेव्हा रचना शोधण्याच्या नादात मी ती ओलांडून गेले. नर्सबाईंना माहीत होती, म्हणूनच त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कादंबरी दोनदा वाचायचात, तुम्हाला माहीत नव्हती असं होणार नाही. ताईचं वाचून पूर्ण झालं नव्हतं हे ती काडीच सांगत होती. तिच्या हातून पुस्तक काढून घेता आलं असतं, किंवा नुसती दोन पानं उलटायला सांगता आलं असतं. शेवटाबद्दलचं तुमचं मत खरं ठरलं असतं. पुस्तकाबद्दल तुम्ही एकदाच खोटं बोललात, आणि मी वाचक म्हणून तुम्हाला मानते ते त्या दिवसासाठी.

परवा ताई फोनवर म्हणाली, “ते कादंबरी दे नं मले. माहे शेवटचे पानं राहून गेले होते.” मी हो म्हणाले. पुस्तक माझ्या टेबलावर आहे. ती दोन पानं वाचल्यावर तिला तुमचं ‘बरोबर’ कसं ऐकू येईल, ते मला ठरवता येत नाही. मी अजून दिलेलं नाही.