डब्याची हिरवी वायर

बुलढाणा

प्रिय हर्षल,

तुझा व्हिडिओ पाहिला. सुवर्णानंच पाठवला, खाली लिहिलं होतं, "दादा, पाह्य, यायनं तुह्यं नाव घेतलं." माझ्या बहिणीला तुझा किती अभिमान आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या स्टुडिओतली ती पिवळी लाइट, मागे टांगलेल्या गिटारी, आणि समोर बसलेली पुण्याची पोरं. त्यांनी तुला जुन्या अ‍ॅम्पच्या आठवणी विचारल्या आणि तू माझ्या डब्यावर आलास. बेस गिटारचा अ‍ॅम्प, मशीन आणि स्पीकर एकाच पेटीत, म्हणून आम्ही त्याला डबा म्हणायचो, असं तू त्यांना समजावून सांगितलंस. एसटीच्या टपावर आपण तो कसा चढवायचो, कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट कसं मागायचा, हे सांगताना तू छान रंगलास. फक्त "मी चढवायचो" असं म्हणालास. हर्षल, तू कीबोर्डची बॅग छातीशी धरून खिडकीची जागा पकडायचास. खालून डबा उचलायचे मी आणि आपला गिटारवाला गोविंदा.

असू दे. तेवढ्यासाठी मी कागद घेऊन बसलो नसतो.

तो डबा मी खामगावच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतला तेव्हा आपण तिघंही पोरंच होतो. काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रा, एका बाजूची मूठ तुटलेली. तिथं मी सायकलची ट्यूब बांधली होती. पहिल्यांदा घरात लावला तेव्हा सर्वांत जाड तार छेडली आणि मांडणीवरची ताटं वाजायला लागली. आई, आमची चांगुणाबाई, चुलीपासून उठून आली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "अवं माय, हे तं पोटात बोलून राह्यलं!" त्या दिवसापासून तिनं डब्यासाठी आपली गोधडी काढून दिली. राजूरच्या घाटात जीपच्या कॅरिअरवर तो बांधलेला असायचा आणि प्रत्येक वळणाला माझा जीव वर खाली व्हायचा. भीमजयंतीला, लग्नांना, गणपतीला, कुठंही गेलो तरी गर्दीतली म्हातारी माणसं डब्याजवळ येऊन बसायची. ऐकू कमी येतं, पण हे कळतं, म्हणायची. मला बेस वाजवायचं सुख म्हणजे काय, ते त्या म्हाताऱ्यांनी शिकवलं.

डबा जुना होता आणि कधीतरी त्याच्या अंगावर करंट यायचा, हे तू व्हिडिओत बरोबर सांगितलंस. पण पुढचं सांगितलं नाहीस. म्हणूनच मी त्याला तीन पिनांची नवी वायर बसवून घेतली होती. कार्यक्रमाच्या गावी पोचलो की मी आधी जमिनीत सळई ठोकायचो, तिच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओतायचो आणि तिथून अर्थिंग घ्यायचो, म्हणजे डब्याच्या अंगावरचा करंट जमिनीत उतरायचा. तुम्ही हसायचात. "भूमिपूजन झालं काय बे?" असं तूच विचारायचास.

सुलतानपूरलाही मी सळई ठोकली होती. नव्या विहाराच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता, समोरच्या मैदानात मातीचा ओटा होता, धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारलेलं. गोविंदाचा अ‍ॅम्प बिघडला होता, म्हणून त्यानं आपली गिटार माझ्याच डब्याच्या दुसऱ्या भोकात लावली. विहारासमोर वाजवायचं म्हणून त्यानं चपला काढल्या. डबा ओला होऊ नये म्हणून खाली फळी टाकली होती, मी त्या फळीवर उभा होतो. दिवेलागणीला तिसरं गाणं सुरू झालं. माइक थोडा खाली घ्यावा म्हणून गोविंदानं उजवा हात स्टँडकडे नेला. डावा गिटारच्या तारांवरच होता. त्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, तो हसतोय. त्याचे दात दिसत होते. मग माइकवाल्या माणिकरावांनी मेन स्विच ओढला आणि गोविंदा खाली पडला, तारा मुठीत तशाच.

मेहकरच्या दवाखान्यात तू रडलास. मी पाहिलं आहे तुला रडताना, ते खोटं नव्हतं. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं आतून जळाली ती कायमची वळली. जळगाव जामोदला भाजी पिकवणाऱ्या घरातला मुलगा, वडिलांशी भांडून गिटार शिकलेला. तो परत मिरच्या तोडायला गेला. तेही त्याला धड जमत नव्हतं.

आणि दोष डब्यावर आला. डबा माझा होता. जिथं जाईन तिथं लोक मला करंटवाला म्हणायला लागले. एका आयोजकानं तर बाकीच्या पार्टीला बोलावलं आणि निरोप दिला, करंटवाला नको. आई चिडून म्हणायची, "करंटवाला काऊन म्हणता, सरळ करंटाच म्हना ना माह्या लेकाले!" गोविंदाच्या घरी मी गेलो तेव्हा त्याच्या आईनं, गीताबाईंनी, मला दारातूनच परत पाठवलं. गोविंदा आत होता. बाहेर आला नाही.

मी डबा घरी आणून उघडला. आत काही नवं बिघडलेलं नव्हतं. मग पिनेचं टोपण काढलं. अर्थिंगची हिरवी वायर पकडीनं कापलेली होती, आणि तिच्या टोकाला लाल टेप व्यवस्थित गुंडाळलेली. लाल टेप आपल्यात कोणाकडे असायची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी माणिकरावांना विचारलं. ते म्हणाले, "दुपारी हर्षलनं पक्कड मागतली होती माह्याजवळून. रेकॉर्डिंगमंधी घूं घूं आवाज येते म्हने." त्या कार्यक्रमाची कॅसेट भरून तू पुण्याला पाठवणार होतास, ती स्वच्छ यावी म्हणून, हर्षल. अर्थिंग तोडली की घूं घूं जाते, हे तुला कोणीतरी शिकवलं होतं. पुढचं शिकवलं नव्हतं. एवढं मी तेव्हाही समजून घेतलं असतं.

मी तुझ्याकडे आलो त्या दिवशी तुमच्या ओसरीवर लग्नपत्रिकांवर नावं घालायचं काम चाललं होतं. तुझ्या आणि सुवर्णाच्या. मी तुला बाजूला घेतलं, तो वायरचा तुकडा दाखवला. तू नाही म्हणाला नाहीस. माफीही मागितली नाहीस. एवढंच विचारलंस, "सुवर्णाले सांगशीन काय?"

घरी आलो तर ती हातात हिरव्या बांगड्या घालून पाहत होती आणि आईला दाखवत होती. वडील नव्हते, आम्ही दोघंच तिचं सगळं पाहणारे. मी वायर फेकून दिली. तू पुण्याला गेलास, नाव काढलंस, सुवर्णाला सुखात ठेवलंस, हे मी नाकारत नाही. मी कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल टाकलं. बोटांना काहीतरी काम पाहिजेच होतं. आई तुला शेवटपर्यंत जवाईबापू म्हणत राहिली. प्रत्येक दिवाळीला तू आलास की मी तुला ओवाळणीच्या पाटाशेजारी बसवत आलो, आणि एकदाही तू गोविंदाचं नाव काढलं नाहीस. मला वाटायचं, तुलाही ते सोसवत नसेल. म्हणून तू बोलत नसशील.

मग हा व्हिडिओ. "आमच्या प्रसेनचा भंगार डबा, एका पोराला तर असा शॉक दिला की तो गिटारच विसरला!" असं म्हणून तू टाळी दिलीस शेजारच्याला. सगळे हसले. ते मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. आणि वर तुझा फोन, की डबा अजून असेल तर पाठवून दे, स्टुडिओत शोभेला ठेवतो. मी भंगारात दिला म्हणालो. खोटं बोललो. आहे तो इथंच, त्याच्यावर आमचा टीव्ही ठेवला आहे. तुला मिळणार नाही.

आता का लिहितोय ते ऐक. गेल्या रविवारी गोविंदा माझ्या घरी आला. जळगाव जामोदहून एसटीनं, एकटा. केस पांढरे झालेत, मी आधी ओळखलंच नाही. चहा घेतला, माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाला, "पोरीनं मले हर्षलचा व्हिडिओ दाखवला. पयले लय राग आला. मंग वाटलं, तो हसून राह्यला, मी काऊन अजून कुढून राह्यलो? प्रसेन, लय वर्षं तुले शिव्या देल्या म्या. मायनं तुले दारातून हाकललं, तेबी चुकलंच. जाऊ दे आता. तुले माफ केलं, बे." आणि त्यानं त्या वळलेल्या बोटांच्या हातानं माझा हात धरला. माझ्या तोंडाशी तुझं नाव आलं होतं, हर्षल. पण तो इतका मोकळा होऊन बसला होता की मला बोलवेना. बोललो असतो तर, स्वतःला वाचवायला मेव्हण्यावर ढकलतो, असंच वाटलं असतं त्याला. मी मान हलवली आणि तुझी माफी माझ्या नावावर घेतली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. सुवर्णासाठी मी दोष घेतला, तो पचवला. ही माफी मला पचत नाही. तू ये. आधी सुवर्णाला सांग, तुझ्या तोंडानं, आणि मग जळगाव जामोदला जा. मी सोबत येणार नाही. तू गेला नाहीस, तर येत्या दिवाळीला ती ओवाळायला बसेल तेव्हा मी सांगेन, आणि त्या वेळी तू पाटाशेजारी बसलेला असशील.

नात्यानं आणि सवयीनं, अजून तरी तुझाच,
प्रसेनजित