शालूच्या हळदीचं गाणं

शालूआक्का,

तुझ्या हळदीला मी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. मेंढरांमागे गावोगाव फिरताना तू मला खांद्यावर घ्यायचीस, हे त्यात होतं. आबांनी तुझ्या सासरी आपण बागायतदार असल्याचं सांगितलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमची मेंढरं सुटून दोन पिढ्या झाल्या, आन् ही कालपत्तुर वळत होती व्हय?" सगळे हसले. तू एवढंच म्हणालीस, "सांड्या, खरं लिहायला तुला कुणी सांगितल्तं रे?"

दीड वर्ष तू फोन उचलत नाहीस. सासरी दुसरंच कुणी उघडेल, म्हणून हे पत्रही टाकणार नाही. मेंढरं वगळून ते गाणं मी चार वेळा लिहून पाहिलं. पण मग त्यात तू कुठेच राहत नाहीस.

तुझा धाकटा,
सांडू