सनद आली, पण कुठली?

कळंब, १९८२

तीर्थरूप महालिंगप्पामामा यांस गिरिजाचा साष्टांग नमस्कार.

हैदराबादची थंडी तुमच्या गुडघ्यांना फार छळत नसेल अशी आशा आहे. आम्ही सगळे इथं मजेत.

कॉन्व्हेंटात घातलेली भाची पन्नाशीत वकील कशी झाली, असं तुम्ही विचारलंत. दोष बहात्तरच्या दुष्काळाचा. खडी फोडणाऱ्या बायांना पाण्याच्या टँकरसाठी अर्ज लिहून हवा होता आणि मला अर्जाचा एकच मायना येत होता, मदर सुपीरियरकडे रजा मागण्याचा. त्यामुळे सरुबाई, मालनबाई वगैरे मंडळींचा अर्ज तहसीलदारांकडे "आपल्या आज्ञाधारक विद्यार्थिनी" म्हणून गेला. (टँकर आला. साहेब त्यांना भेटले की अभ्यासाचंही विचारत, असं ऐकलं.) ते ऐकून धोंडप्पा वकिलांनी मला टायपिंगला बसवलं. ते डोळे मिटून मजकूर सांगत आणि मध्येच घोरू लागत. उरलेला दावा मी पुरा करी. एकदा जागे होऊन वाचून म्हणाले, "बाई, झोपंत मी लई चांगला वकील हाय की!" मग त्यांनीच मला लातूरच्या लॉ कॉलेजात धाडलं.

पास झाले, पण थोरले दीर कल्याणप्पा भाऊजी (बेंबळीला शेती करतात, सोसायटीचे चेअरमन) आडवे आले. "आपल्या घरची बाई कोर्टात उभी राहिली, तर माझा पाय या घरात न्हाय." त्यांच्यापुढं आमचे हे बोलत नाहीत. वकिली तिथंच अडली.

तेवढ्यात मुंबईहून वकिलीची सनद आली. यांनी आनंदात बेंबळीला निरोप धाडला, "गिरिजाला सनद मिळाली." आता आपल्या निजामी मुलखात सनद म्हणजे इनामाची जमीन! सासरच्या पणजोबांचं बुडालेलं इनाम सरकारनं माझ्या नावे परत केलं, असं भाऊजींनी धरलं आणि सकाळच्या एसटीनं गुळाची ढेप घेऊन हजर झाले.

"काळीच हाय ना?" त्यांनी विचारलं.

"काळीच शाई. वर लाल शिक्का," मी म्हटलं.

"आन् पाणी?"

"पाणी लागू नये म्हणून कपाटात ठेवलीय."

भाऊजी उठले आणि कपाटाचं दार उघडून आत डोकावले.

खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. घराण्याला सनद मिळाल्याबद्दल सोसायटीनं आदल्या दिवशीच त्यांच्या गळ्यात हार घातला होता. घातलेला हार परत कसा करणार? शेवटी तेच चारचौघांत म्हणाले, "जिमीन कुणाकडंबी असती. वकील हाय का कुणाच्या घरात?" झालं, परवानगी मिळाली. काल कोर्टात जाऊन बसले. लहानपणी तुम्ही मला शाळेच्या फाटकाशी सोडून वळला होतात, मामा, ते आठवलं. पण या वेळी रडले नाही.

मामींना नमस्कार. सगळं सुखात आहे.

तुमची भाची,
गिरिजा

ता. क. जमीन नाही म्हणून सासूबाई जेवल्या नव्हत्या. आज म्हणाल्या, "न्हाय मिळाली तर न्हाय. माझ्या बापानं माझ्या नावावर केलेलं रान कल्याण कसतोय, मला बांधावर पाय ठेवू देत न्हाय. तेवढं सोडवून दे." वकीलपत्रावर अंगठाही दिला. माझ्या पहिल्या अशील त्याच.

ता. क. दुसरा. भाऊजींना नोटीस सोमवारी पोचेल. म्हणून मी आणि सासूबाई रविवारीच हवापालटासाठी तुमच्याकडं येत आहोत. भाऊजींची तार आलीच, तर आम्ही अजून पोचलो नाही असं कळवावं.