सलाईनचे उंदीर

३ डिसेंबर
नवी नोकरी झकास! अंधेरीच्या एमआयडीसीत प्रयोगशाळा, स्वतःचं टेबल, एसी, आणि घाटकोपरच्या घरून मेट्रोने सरळ. काम म्हणजे पोरखेळ. पाठीच्या कण्याच्या दुखण्यावर असं बधिर करणारं औषध बनवायचंय, की एका सुईत माणूस आठवडाभर निवांत. माणसाआधी उंदीर. निम्म्यांना औषध टोचतात, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय ते मला सांगत नाहीत. मी फक्त मागच्या पायाला चिमटा काढायचा. पाय ओढला तर जाणीव शाबूत, नाही तर बधिर. एवढ्यासाठी पीएचडी लागते म्हणे!

सोबतीला गंधाली. ती चिमट्याआधी प्रत्येक उंदराला सॉरी म्हणते. आमचे साहेब विद्याधर सर दारात चपला काढतात, देवळात आल्यासारखे. सगळा येड्यांचा बाजार.

८ डिसेंबर
उंदराइतका रडवा प्राणी नाही. चिमटा लागायच्या आधीच कोकलतो. मी मुठीत दाबून धरतो, काम चटकन होतं. गंधाली म्हणाली, जरा प्रेमाने धर ना रे, त्यालाही जीव आहे. मी म्हटलं, म्हणूनच तर विकत आणलाय. तिला विनोद कळत नाही.

घरी दीप्तीचं तेच. नववा लागलाय, कंबर दुखते, दिवसभर कण्हणं. जगात दुसऱ्या बायका बाळंत होतच नाहीत जणू! रोज संध्याकाळी तेल लावून तिची पाठ चोळतो, म्हणजे निदान टीव्ही तरी ऐकू येतो.

१२ डिसेंबर
माझा एकही उंदीर पाय ओढत नाही. औषध हिट, म्हणून मी खूश. मग सरांनी कुणाला काय टोचलं ते उघड केलं आणि तोंड पाडलं. सलाईनवालेही बधिर. मीठपाण्याने कोण बधिर होतं? गंधालीने बाटल्या बदलल्या असणार. तिला तोंडावर सांगितलं. रडली. दुसरं येतं काय?

१५ डिसेंबर
नवे उंदीर आणले, कुणालाच काही टोचलं नाही. गंधालीने चिमटा काढला, उंदीर ओरडला. मग मी तो हातात धरला. तिने पुन्हा काढला. काही नाही. दुसरा घेतला, हातमोजे घालून. तेच. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, मुकुल, काय केलंस तू यांना? मी काय करणार! उंदरांच्या जातीतच खोट.

दीप्तीची कंबरदुखी मात्र पार थांबली. तुझ्या हाताला गुण आहे, म्हणाली.

१७ डिसेंबर
दीप्ती म्हणते, बाळ हलत नाही. डॉक्टरकडे धावलो. मशीनवर सगळं ठीक. बाळ लाथा मारतंय. पोट उचललेलं मला दिसलं. तिलाच कळत नव्हतं. डॉक्टरणीने हसण्यावारी नेलं. मूर्ख बाई.

घरी आल्यावर तापल्या तव्यावर दीप्तीचं मनगट टेकलं. ती बोलतच राहिली. वास मला आला —

१९ डिसेंबर
भीती वाटते. मला. लिहून टाकलं.
आता तिला शिवत नाही. पण गेलेलं परत — गंधालीला फोन केला. एकही उंदीर सुधारला नाही. एकाने स्वतःचा पाय कुरतडून खाल्ला. अगदी शांतपणे, म्हणाली.

२२ डिसेंबर
हॉस्पिटल. पाणी गेलं तेव्हाच कळलं. कळा तिला आल्याच नाहीत —
मुलगी. रडते. केवढी रडते! इतकं सुंदर मी कधी —
हात खिशात.

सासूबाई म्हणाल्या, मुकुलराव, घ्या की, स्वतःची लेक आहे. नाही म्हटलं. नाही. त्यांनी हसत मांडीवरच ठेवली. घसरत होती — धरावंच लागलं — नुसतं दुपटं धरलं, अंगाला नाही —

गप्प झाली. सासूबाई म्हणतात, बापाचा हात ओळखला.

नर्स आलीये, टाचेतून रक्त घ्यायला. सगळी बाळं रडतात, घाबरू नका, म्हणाली. टाच पुसतेय. सुई —
रड, बाई. रड ना —