तू समोर बसल्याशिवाय

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'मी इथे ठीक आहे, तूही तिथे ठीक असशील' असं लिहायची रीत आहे. त्यातलं माझ्या बाजूचं अर्धं वाक्य खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून तूर्त सोडून देते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र तसं नाही, ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता आपल्याकडे बघत राहतं.

इकडची खबरबात अशी. माझ्यासोबत काम करणारे कवळीवाले काका बरे आहेत. त्यांचा गुडघा कुरकुरतो आणि तोंड त्याहून जास्त. शेजारची खोली रिकामी झाली ती आम्ही घेतली, तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. मी ऐटीत 'कारखाना' म्हणते, पण आहेत दोन खोल्या, दोन टेबलं, एक छोटी भट्टी आणि पॉलिशचं एक चाक. दारावरच्या पाटीवर मालकीण म्हणून माझं नाव आहे आणि झाडूही मीच मारते. भावोजींचा मधूनमधून फोन येतो. बाकी विशेष नाही.

मी इथे नेमकं काय करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. अगदी सुरुवातीला सांगायला फोन केला होता. तेव्हा तू म्हणालीस, "आधी बाहुल्यांचे डोळे, आता माणसांचे खोटे डोळे. गोटी, तुझा हात असा वाया जाताना मला बघवत नाही." मी फोन ठेवला. तेव्हापासून आपण दोघी वाढदिवसाला एकमेकींना एकेक ओळ पाठवतो आणि मोकळ्या होतो. भांडायला लिहीत नाहीये. तुझं म्हणणं मला तेव्हा अगदी खोटं वाटलं नव्हतं, म्हणून तर ते लागलं.

घरात चित्रकार एकच आणि ती तू, हे मला शाळेतच कळून चुकलं होतं. तू चार रेघा ओढायचीस आणि खुर्चीवर माणूस बसलेला असायचा. मी चाळीस रेघा ओढायचे आणि खुर्चीसुद्धा उभी राहायची नाही. तरी तुझ्या मागोमाग आलेच, आणि एक प्रदर्शनही भरवून घेतलं. तुला आठवत असेल. तू प्रत्येक चित्रापुढे थांबलीस. तुझ्याखेरीज चित्रांकडे लक्ष देऊन बघितलं ते पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने, तेही शिडी कुठे टेकवावी म्हणून.

मग बाहुल्यांचा कारखाना. दिवसभर डोळे. निळे, काळे, पुन्हा निळे. पोटाला मिळत होतं आणि डोक्याला काही लागत नव्हतं. माझं असंच जाणार, असं मी मनाशी मान्यही करून टाकलं होतं.

तिथे एक दिवस एक बाई आली. स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर बसणारी. मध्यम वय, चापूनचोपून बांधलेले केस, आवाज खणखणीत. मालक जेवायला गेले होते. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "डोळे तुम्हीच रंगवता ना?"

"हो. बाहुल्यांचे."

"चालेल," ती म्हणाली. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पुन्हा वळली तेव्हा तिच्या हातात रुमाल होता. तो तिने माझ्यापुढे ठेवून उलगडला. आत तिचा डोळा होता.

ताई, आपल्याला वाटतं खोटा डोळा गोल असतो, गोटीसारखा. तसा नसतो. शिंपल्याच्या तुकड्यासारखी एक पातळ वाटी असते. दुकानातून तयार घेतलेली होती ती, रंग कोळशासारखा सपाट. बाईचा खरा डोळा पिंगट.

"माझ्या खिडकीपुढे दिवसभर माणसं येतात," ती म्हणाली. "एका डोळ्याशी बोलायला सुरुवात करतात, मग घोटाळतात, मग दुसऱ्याशी बोलतात. काही जण शेवटी टेबलाशीच बोलतात. गाडी कुठे लागेल ते मी सांगते आणि त्यांना ऐकू येत नाही, कारण ते कुठे बघावं या काळजीत असतात. माझा हा डोळा दुसऱ्याशी जुळवून द्या. तुम्ही डोळ्यांची माणसं आहात."

मी म्हटलं, हे आमचं काम नाही, डॉक्टरकडे जा. ती म्हणाली, डॉक्टरांनी हाच दिला. आणि बसून राहिली.

माणसाला आपलं काम सापडतं असं म्हणतात. मला काही सापडलं नाही. रुमालात गुंडाळून कुणीतरी ते माझ्यापुढे आणून ठेवलं आणि उठायला तयार होईना.

त्या वाटीचं प्लास्टिक दातांच्या कवळीला वापरतात तेच, एवढं विचारपूस करून कळलं. म्हणून मी कवळ्या बनवणाऱ्या काकांचा दरवाजा ठोठावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दात काय नि डोळा काय, माणसाला चारचौघांत तोंड वर करता आलं पाहिजे. बसा." साचा कसा घ्यायचा, पांढरं कसं ओतायचं, भट्टी किती तापवायची हे त्यांचं. रंग माझा. पहिला डोळा बिघडला. दुसराही बिघडला. रंग सुकला की फिका पडायचा आणि वर पारदर्शक थर चढला की भलताच गडद व्हायचा. पांढऱ्यावरच्या शिरा रंगवून साधेनात, तेव्हा लाल रेशमाचा दोरा उकलून त्याचे तंतू चिकटवले.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. तिचा खरा डोळा बघायला मी तिला खिडकीशी बसवलं आणि भिंगातून पाहिलं. मी 'पिंगट' म्हणत होते त्यात पिंगट असं काही नव्हतंच. डोळ्याच्या बाहुलीभोवती मधाचं वलय, त्यातून बाहेर धावणारे शेकडो धागे, मध्येच शेवाळाची झाक, कडेला पावसाळी ढगासारखी एक रेघ. एका चौकशी-खिडकीवरच्या बाईच्या चेहऱ्यावर, कुणी न बघितलेलं, हे सगळं रोज उघडमीट करत होतं. मी इतकी वर्षं डोळे रंगवले होते आणि डोळा पाहिलाच नव्हता.

तिसरा डोळा जमला. तिने तो घातला, आरशात पाहिलं आणि काकांच्या खोलीचा जिना उतरून गेली. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने वर आली. खालच्या चहावाल्याकडे सुट्टे मागायला गेली होती.

"त्याने माझ्याकडे बघितलं," ती म्हणाली, "आणि सुट्टे दिले. नुसतं बघून दिले."

ताई, प्रदर्शनात माझ्या चित्रांकडे तुझ्याखेरीज कुणी बघितलं नाही म्हणून मी रडले होते. इथे माझं काम कुणाच्या लक्षातही आलं नाही म्हणून आम्ही दोघी रडलो. काका म्हणाले, "बाई, नवा डोळा आहे, जरा बेताने." बाहुल्यांचे डोळे सोडून मी डोळ्यांच्या बाहुल्यांकडे आले ती अशी.

आता ते उरलेलं अर्धं वाक्य. भावोजींनी मला सांगितलंय. त्यांच्यावर चिडू नकोस. उजवा डोळा काढावा लागला, गाठ पूर्ण निघाली, जिवाचा धोका टळला. हे ऐकून मी आधी खुर्चीत बसले आणि मग देवापुढे नाही, पण मनातल्या मनात कुणापुढे तरी हात जोडले. ते म्हणाले, तू कुणाला भेटत नाहीस. शिकायला येणाऱ्या मुलींना परत पाठवतेस. एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडतं, ब्रश कॅनव्हासच्या अलीकडेच थांबतो, आणि परवा तू म्हणालीस की चित्र काढणारी बाई गेली, आता जी उरलीय तिचं काय करायचं ते बघा.

त्या बाईचं काय करायचं ते मला माहीत नाही. मला एवढंच करता येतं, म्हणून मी करायला बसले. तुझ्या नकळत डोळा तयार करून पाठवावा, असं मनात होतं. एका खोलीत वाढलो आपण, मला तुझा डोळा माहीत नसेल तर कुणाचा असेल? आठवडाभर रंगवला. एकही तुझा झाला नाही. सुंदर झाले, काळेभोर झाले, तुझे झाले नाहीत. तुझा हात मी जन्मभर बघत आले. डोळ्याकडे कधी बघितलंच नव्हतं, ताई. तुझ्याकडे बघायचं म्हणजे तू काय काढतेयस ते बघायचं, असंच मला वाटत आलं.

तेव्हा हे तू समोर बसल्याशिवाय होणार नाही. तू ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. खिडकीशी खुर्ची आहे.

घाई करत नाही, पण रोज सकाळी त्या खुर्चीवरची धूळ पुसते.

तुझीच,
गोटी

---

२१ एप्रिल

प्रिय ताई,

तू सुखरूप घरी पोहोचल्याचं भावोजींकडून कळलं. तू स्वतः कळवणार नाहीस हे माहीतच होतं.

जे घडलं तेव्हा तू इथेच होतीस, तरी लिहितेय. कारण तू टेबलाच्या त्या बाजूला होतीस आणि इकडून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू काळा चष्मा लावून बसलीस. मी अंदाजाने ब्रश लावतेय, पुसतेय, पुन्हा लावतेय. शेवटी काकाच म्हणाले, "चष्मा काढणार, की तुमच्या बहिणीने चष्माच रंगवायचा?" तुझ्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तू चष्मा काढलास.

पहिल्यांदा मी बंद पापणीकडे पाहिलं, कारण तिथे न बघता पुढे जाता आलं नसतं. मग तुझ्या डाव्या डोळ्याकडे.

मला वाटायचं तो काळा आहे. तो काळा नाही. कडेला ओल्या मातीचा रंग आहे, आत जावं तसा तो तापत जातो, आणि बाहुलीशी पोचेपर्यंत जवळजवळ तांब्याचा होतो. खाली, नाकाच्या बाजूला गंजासारखा एक ठिपका आहे. तो आपल्या आईला होता का? मला आठवेना, आणि विचारायला आता कुणी नाही. सगळे धागे सरळ नाहीत. काही मध्येच वळतात, पाण्यात गवत वळावं तसे. माझा हात थांबला.

"काय झालं?" तू विचारलंस.

"काही नाही. बघतेय."

"मग बघ. बघताना बोलू नये," तू म्हणालीस, आणि इतकी निश्चल बसलीस की मला कळलं, समोर बसणारा माणूस कसा असावा हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? इतकी वर्षं तू लोकांना बसवत आलीस, आणि तुला कुणी कधी बसवलं नव्हतं. ज्याने एवढं जग बघितलं आणि बघायला लावलं तो डोळा तिन्हीसांजेपर्यंत माझ्यापुढे उघडा होता. मी देवळात जात नाही हे तुला माहीत आहे. पण तिथे जाणाऱ्यांना काय वाटत असेल ते मला त्या दुपारी थोडं कळलं.

दुसऱ्या दिवशी, वरचा थर चढवायच्या आधी, मी तुला तो दाखवला. तू तळहातावर घेतलास, उजेडाकडे वळवलास. "बुबुळ बरोबर आहे," तू म्हणालीस. "पांढरा भाग फार पांढरा झालाय. पन्नाशीच्या बाईचा डोळा आहे, बशी नाही. ब्रश दे."

मी दिला. तू रंग कालवलास, पिवळा, आणि त्यात कसला तरी निळसर थेंब, मला कधी सुचला नसता. ब्रश खाली आणलास आणि तो डोळ्याच्या अलीकडे, नुसत्या हवेत टेकला. काका एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघू लागले. मला वाटलं तू ब्रश फेकून देशील. तू करंगळी पुढे केलीस, डोळ्याच्या कडेवर टेकवलीस, आणि तिच्या आधाराने ब्रश उतरवलास. बोटाने अंतर मोजलंस. एक हलका हात, मग दुसरा. ती पांढरी वाटी माझ्या देखत माणसाची झाली. आजवर मी केलेल्या सगळ्या डोळ्यांमध्ये काय कमी होतं ते मला तेव्हा दिसलं. त्यातलं कुणी कधी जागलेलं नव्हतं, थकलेलं नव्हतं.

काकांनी नंतर मला विचारलं, "या तुझ्यापेक्षा मोठ्या की काय?" मी म्हटलं, "हो, सगळ्याच बाबतीत."

घालून झाल्यावर तू आरशात खूप वेळ पाहिलंस. तुझ्यासोबत आलेले भावोजी श्वास रोखून उभे. तू म्हणालीस, "बरा आहे." ते हिरमुसले बिचारे. 'बरा'च्या वर आपल्या घरात शब्दच नाही, हे त्यांना इतक्या वर्षांतही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता एक काम आहे. काल एक गृहस्थ आले, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांचा डोळा राखाडी आहे. मी राखाडी कालवते आणि ती नुसती राख दिसते. त्यांच्या डोळ्यात ती जिवंत आहे, आत कुठेतरी हिरवट की जांभळट, मला धरता येत नाही. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा येतील. तुझी चित्रं सोडून ये असं मी म्हणत नाही, तसं म्हणायची माझी छाती नाही. एका सकाळपुरती ये. करंगळी टेकवायला टेबल मजबूत आहे. नंतर काय करायचं ते तुझं तू ठरव. नाही आलीस तरी मी रंगवीनच. त्या माणसाला डोळा मिळेल, फक्त तो थोडा कमी जागलेला असेल.

टेबलाच्या माझ्या बाजूला दोन खुर्च्या मावतात, हे मला आजच मापून कळलं.

एक खुर्ची सरकवून बसलेली,
तुझी गोटी